झटका आणि टाळ्या

ज्यानं आपलं वाटोळं केलं तो माणूस एक दिवस आपणहून आपल्या दारात येऊन उभा राहावा, अशी सोय देव सहसा करत नाही. देवाला इतर कामं असतात. सत्यशीलासाठी मात्र त्यानं वेळ काढला. एका मंगळवारी भर दुपारी, लातुरात औसा रोडवरच्या क्लिनिकमध्ये ती एका पैलवानाच्या खांद्याला शेक देत होती, तेव्हा पुनमनं पडद्यातून डोकं आत घातलं. पुनम म्हणजे बाहेर टेबलावर बसून नंबर लावणारी पोरगी.

"मॅडम, नांदेडहून पेशंट आलंय. पोरीचा गुडघा हाय. संगं वडील हायेत, भागवत सर म्हणून. कबड्डीचे मोठे कोच हायेत म्हणं."

सत्यशीलाच्या हातातली शेकाची पिशवी पडली नाही की चेहरा पांढरा झाला नाही. ती फक्त म्हणाली, "बसव त्यांना." मग तिनं पैलवानाचा शेक पुरा केला, त्या दिवशी नसलेला एक व्यायामही त्याच्याकडून करून घेतला, आणि तो गेल्यावर निवांत चहा घेतला. वाट बघायला लावणं म्हणजे काही सूड नव्हे. पानात आधी वाढलेलं लोणचं म्हणा.

हे क्लिनिक खेळाडूंचं. इथं कुणाला भरती करून घेत नाहीत. यायचं, शेक घ्यायचा, व्यायाम करायचा, घरी जायचं. पोलीस भरतीसाठी पळून पळून नडग्या दुखवलेली पोरं, तालमीतले पैलवान, अधूनमधून एखादी कबड्डीवाली. कबड्डीवाली आली की सत्यशीला तिला जास्त वेळ द्यायची. त्याचं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ते कारण आता बाहेरच्या बाकावर बसलं होतं.

सत्यशीला जळकोट तालुक्यातल्या एका खेड्यातली. तिथल्या शाळेत भागवत सर खेळाचे शिक्षक होते आणि सत्यशीला त्यांची सगळ्यात चांगली चढाई करणारी पोरगी. सरांच्या हातात देव आहे, असं अख्खा तालुका म्हणायचा. कुणाचा घोटा मुरगळला, कुणाचा गुडघा फिरला की सर मैदानात यायचे. दोन पोरींनी तिचे खांदे धरायचे. सर खाली बसून तिचा पाय बगलेत घ्यायचे, भलतंच काहीतरी विचारायचे, "काल रातच्याला काय जेवलीस?" आणि ती उत्तर द्यायला लागली की खाडकन झटका द्यायचे. झटका बसला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही त्या मैदानाची रीत होती. टाळ्या म्हणजे पाय बसला. एकदा टाळ्या वाजल्या की दुखतंय म्हणायची सोय नसायची. शंभरात ऐंशी जणींचं दुखणं तसंही आपोआप बरं होणारं असायचं, त्यामुळे देवाचं नाव राहिलं.

सत्यशीला त्या उरलेल्यांतली निघाली. नांदेडला विभागाच्या सामन्यात तिचा घोटा मागून कुणीतरी धरला, अंग पुढं गेलं आणि गुडघ्याच्या आत काहीतरी तुटलं. सर आले. पाय बगलेत घेतला. काय जेवलीस विचारलं. तिनं "वरण-भाकर" एवढं म्हटलं आणि पुढचं तिला आठवत नाही. टाळ्या तेवढ्या आठवतात. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना होता. ती म्हणाली, "सर, पाय सुटल्यासारका व्हायलाय." सर म्हणाले, "बसलाय म्हणलो ना मी. माझं ऐक." तिनं ऐकलं. पहिल्याच चढाईत ती वळली, अंग वळलं आणि पाय तिथंच राहिला.

ती पुन्हा खेळली नाही. सर तिला बघायला आले नाहीत. पुढच्या वर्षी ते नांदेडला राहायला गेले, त्यांनी अकॅडमी काढली, पेपरात फोटो यायला लागले. इकडं सत्यशीलाची आई केवळाबाई ते पेपर चुलीत घालायची. पोरगी लंगडते म्हणून दोन सोयरिकी उंबऱ्यावरून परत गेल्या होत्या. सरकारी दवाखान्यात व्यायाम करून करून मांडी दणकट झाली तेव्हा लंगडणं गेलं, पण गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारी दोरी तुटली ती तुटलीच. आजही एसटीतून उतरताना सत्यशीला डावा पाय आधी टाकत नाही. त्या दवाखान्यातच तिनं ठरवलं की आपण हेच शिकायचं. लोकांना वाटतं, सेवेसाठी शिकली. ती शिकली ती रागानं. त्या बगलेत नेमकं काय झालं होतं, ते तिला जाणून घ्यायचं होतं.

चहाचा कप ठेवून ती बाहेर आली. सर उठून उभे राहिले. केस काळेभोर रंगवलेले, अंगात अकॅडमीचं नाव छापलेलं जाकीट. त्यांनी तिला निरखून पाहिलं आणि तोंडभर हसले.

"आरं, ही तर आपली सत्ती हाय." मग बाकावरच्या सगळ्यांकडं वळून म्हणाले, "माझी पोरगी हाय ही. मी घडवली."

बाकावरच्या लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या. सत्यशीला "या सर" म्हणाली आणि तिनं त्यांना आत घेतलं.

पोरगी शिवांगी. सतरा-अठराची, उंच, वडिलांच्या तोंडावळ्याची. बापाकडं असं बघायची की तो काय म्हणतो ते हिच्या ओठावर आधी उमटावं. तिला टेबलावर बसवलं तर तिनं उजवा गुडघा दोन्ही हातांत धरून ठेवला.

"पुढच्या रविवारी राज्याच्या निवड चाचण्या हायेत," सर स्टूल ओढून बसले. "नांदेडात दाखवलं आसतं, पण तितं भितीला कान हायेत. बातमी फुटली तर पोरगी बाहेर. म्हणून गुपचूप इकडं आणलं. जास्त कायी करू नकोस. झ्याक टेप बांध, दुखणं जराक कमी कर आन पोरीला धीर दे. गुडघा बसलाय, म्या सवता बघितलाय."

"एमआरआय काढला का?"

"कामून काढू? त्या मशीनपेक्षा ह्यो हात जुना हाय." त्यांनी उजवा पंजा वर करून दाखवला आणि मग तिच्याकडं मायेनं बघत म्हणाले, "तुझं बग की. तवा कबड्डी सुटली म्हणून तर आज डागदरीन झालीस. न्हाईतर आसतीस कुठंतरी सोयाबीन काढत. जे झालं ते चांगलंच झालं."

सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात. इथं तर सुंभ जळालाच नव्हता. सत्यशीलाला वाटलं, कोपऱ्यातलं वजन उचलून त्या पंज्यावर टाकावं. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की असलं काही करायची गरजच नाही. सरांनी मार्ग स्वतःच दाखवला होता. टेप बांध, धीर दे, खेळू दे. एवढंच करायचं होतं. सरांचं ऐकायचं. तेव्हा ऐकलं तसंच पुन्हा एकदा, मुकाट्यानं. रविवारी ही पोरगी पहिल्या चढाईला जाईल, वळेल, आणि हा माणूस कडेला उभा राहून बघेल. करावं तसं भरावं, आणि भरणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं मागून घेतलेलं. उद्या कुणी विचारलं तर सांगता येईल, सरच म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तसं."

तिनं कपाटातून टेपची गुंडाळी काढली, लांबी बघून पट्ट्या कापल्या, मग प्रत्येक पट्टीचे कोपरे गोल केले. कोपरे गोल असले म्हणजे घामानं टेप सुटत नाही. गंमत बघा, सूड घेतानासुद्धा बाई कोपरे गोल करत होती. हाताला सवय असते, मनाला लाज नसते.

सरांचा फोन वाजला. अकॅडमीतून कुणीतरी होतं. ते बोलत बोलत बाहेर गेले.

सत्यशीलानं पोरीला आडवं केलं. टेप लावायची तरी पाय तपासायचा, आणि तपासायचा तर चांगला आधी, हे तिला कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. चांगला पाय हाताला कळला तरच वाईटाचं वाईटपण कळतं. तिनं शिवांगीचा डावा गुडघा जरासा वाकवला, एक हात मांडीवर आणि एक नडगीवर ठेवून नडगी पुढं ओढली. आतली दोरी ताणली आणि ठप्पकन थांबली. मग ती उजव्याकडं आली. हात लावायच्या आधीच पोरीची मांडी दगडासारखी घट्ट झाली. अशा पायाची तपासणी होत नाही. माणसाचा हातावर विश्वास असला तरच पाय सैल सुटतो. तो सुटावा म्हणून बोलत बसावं लागतं.

"कसं लागलं गं?"

"चढाईतून परत येताना उडी मारली ताई. पाय वाकडा पडला."

"मग?"

"मग पप्पा आले, त्यांनी पाय बसवला." पोरगी छताकडं बघत होती. "लई दुखलं हो ताई. म्या वरडणारच हुते, पर पोरींनी टाळ्या वाजवल्या."

सत्यशीलाचे हात पोरीच्या नडगीवर तसेच राहिले.

टाळ्या अजून चालू होत्या. जळकोट सुटलं, शाळा सुटली, अकॅडमीला काचेचं ऑफिस आलं, पण रीत तीच. आणि या माणसानं ती पोटच्या पोरीवरही चालवली होती. आपलेच दात, आपलेच ओठ.

"आता कसं वाटतंय?"

"पप्पाला सांगू नका. जिना उतरताना पाय सुटल्यासारका व्हायलाय."

सत्यशीलानं कापून ठेवलेल्या पट्ट्या उचलल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. तिला दया आली, असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. दया आलीही असेल थोडी. पण खरं म्हणजे तिला त्या सूडातली खोट दिसली. पोरीचा पाय रविवारी गेला असता तर बाप म्हणाला असता, नशीब. मैदानावर पुन्हा टाळ्या वाजल्या असत्या. याहून चांगलं तिच्या हातात आयतं आलं होतं.

तिनं दार उघडून हाक मारली, "सर, जरा आत या. तुमच्या हाताचं काम आहे."

सर खुशीत आत आले. तिनं त्यांना टेबलाजवळ उभं केलं, त्यांचा एक हात शिवांगीच्या डाव्या मांडीवर, दुसरा नडगीवर ठेवला. "आता नडगी पुढं ओढा. झटका नको, सर. हळू."

सरांनी ओढली.

"काय कळलं?"

"आडलं. आत कायतरी आडवायलंय."

"ती दोरी. आता उजवा."

सरांनी उजव्या पायाला हात लावला आणि शिवांगीनं डोळे मिटले. पाय घट्ट झाला. सत्यशीलानं पोरीच्या कपाळावर हात ठेवला, हळू श्वास घ्यायला लावला. बऱ्याच वेळानं मांडी जराशी ढिली पडली. "आता," ती म्हणाली. सरांनी ओढलं. नडगी पुढं आली. आली ती येतच राहिली. कुठंही अडली नाही.

सरांनी हात काढला. पुन्हा लावला. पुन्हा ओढून बघितलं. हात जुना होता हे खरं, त्याला कळायचं ते कळलं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"अजून एक बघा," सत्यशीला म्हणाली आणि शेजारच्या टेबलावर आडवी झाली. डावा गुडघा तिनं स्वतःच वाकवला. "लावा हात. तुम्ही आधी लावलेलाच आहे."

"सत्ते, हे कामून..."

"लावा."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. सरांनी धरला. ओढला. इथंही काही अडलं नाही.

"ह्यो बी तसाच हाय की," ते पुटपुटले.

"तसाच असणार. तोही तुमच्याच बगलेतला आहे."

सत्यशीला उठून बसली, सलवार नीट केली आणि शिवांगीला साध्या शब्दांत सांगितलं: आतली दोरी तुटलीय, एमआरआय काढावा लागेल, बहुतेक ऑपरेशन, मग खूप महिने व्यायाम. रविवारचं विसरायचं. नीट केलं तर पुन्हा खेळता येईल. नाही केलं तर काय होतं, ते आत्ता शेजारच्या टेबलावर पाहिलंच आहेस.

शिवांगी रडली नाही. ती एकदा बापाकडं, एकदा सत्यशीलाच्या गुडघ्याकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "ताई, माझा पाय पडताना गेला का झटक्यानं?"

हाच तो प्रश्न. सत्यशीलानं तो शिकवणाऱ्या सरांना विचारला होता, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना विचारला होता, पुस्तकांत शोधला होता. सगळीकडं एकच उत्तर मिळालं: सांगता येत नाही. दोरी बहुतेक वेळा पडतानाच जाते. झटक्यानं हाडांमधली गादी फाटू शकते, होतं ते आणखी बिघडू शकतं, पण किती कशानं, हे मागाहून कुणालाच सांगता येत नाही. या उत्तरानं तिला धड रागावूही दिलं नव्हतं. राग आला की मागून ते उत्तर यायचं, कदाचित सरांचा हात नसेलही. इतकी वर्षं ते तिच्या घशात हाडकासारखं अडकलं होतं.

सरांनाही ते उत्तर हवं होतं. त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मघाचा मोठा माणूस तिच्यासमोर हात चोळत उभा होता.

"सत्ते, सांग की तिला," ते म्हणाले. "उडी वाकडी पडली हुती. पडतानाच गेला आसंल. आसं आसतंय न्हवं? तू शिकलेली हायेस. सांग बाई."

तीन शब्द होते, सांगता येत नाही. खरे होते. ते म्हटले असते तर बाप सुटला असता आणि पोरगीही उद्या त्याच्याच दुचाकीवर बसून मैदानावर गेली असती.

सत्यशीलानं सरांच्या डोळ्यांत बघितलं. नांदेडचं मैदान, खांदे धरणाऱ्या पोरी, वरण-भाकर, सगळं तिथं होतं.

"झटक्यानं," ती म्हणाली.

सर मटकन स्टुलावर बसले. त्यांनी काही म्हणायला तोंड उघडलं, पण सांगणारी शिकलेली होती, आणि तिला आपणच घडवली हे त्यांनीच बाहेर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सत्यशीलाला बरं वाटलं. खोटं कशाला, लई बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं. केवळाबाईला फोन करून सांगावं असंही मनात आलं.

थोड्या वेळानं सर उठले. आवाज अगदी बारीक झाला होता. "चल बाळा. घरी जाऊ." त्यांनी पोरीला टेबलावरून उतरवायला हात पुढं केले, एक पाठीमागं, एक गुडघ्याखाली.

शिवांगीनं दोन्ही हातांनी आपला दुखरा पाय उचलून मागं ओढला. किती दुखलं असेल ते तिच्या ओठावर दिसलं.

"हात लावू नका, पप्पा."

ती मोठ्यानं बोलली नाही. सरांचे हात हवेतच राहिले. ते हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते जाकिटाच्या खिशात घातले आणि भिंतीकडं सरकून उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण भिंतीला टेकल्यावर अगदी म्हातारा दिसला. सत्यशीलानं हे सगळं डोळे भरून पाहून घेतलं. याच्यासाठीच तर ती शिकली होती.

मग शिवांगी तिच्याकडं वळली आणि हात पुढं केला.

"ताई, तुमी उतरवा. तुमी खरं सांगितलं."

सत्यशीला जागची हलली नाही. ते तीन शब्द अजून तोंडात होते. अजूनही म्हणता आलं असतं. पोरगी हात पुढं करून थांबली होती, तिची वाट बघत.

ती पुढं झाली. एक हात पाठीमागं घातला आणि दुसरा त्या गुडघ्याखाली. मघापासून घट्ट धरून ठेवलेला पाय शिवांगीनं तिच्या हातात एकदम सैल सोडून दिला.